सासूबाईंची बियांची भिंत

आमच्या सासूबाईंच्या हातात आयुष्यभर काही टिकलं असेल तर ते फक्त घट्टे. बाकी सगळं गावाचं. मी महाडच्या बाजारपेठेत वाढलेली. पोलादपूरच्या वर, डोंगरातल्या ह्या घरी नांदायला आले त्याच दिवशी त्यांनी माझ्या माहेरची बुंदी नव्याकोऱ्या पातेल्यासकट शेजारणीला देऊन टाकली! "असू दे गो, तिच्या घरात पोरं हायत." त्यांना नवं लुगडं घ्यावं, तर पंधरवड्यात ते पाणवठ्यावर दुसऱ्याच बाईच्या अंगावर दिसायचं. आमचे हे ओरडायचे, "आये, एक दिवस आमाला पन देऊन टाकशील!" "घेनारा तर मिळू दे," म्हणून म्हातारी खो खो हसायची. आम्ही अगदी हात टेकले होते.

पण त्यांची खरी दौलत चुलीमागच्या भिंतीवर. त्यांच्या वेलाची काकडी हातभर लांब आणि देठापर्यंत गोड. एखादी वेलावरच पिकू द्यायची, तिचं बी राखेत घोळवायचं, शेणाच्या गोळ्यात घालून भिंतीला थापायचं. मिरग जवळ आला की गावच्या बायका दारात हजर, आणि ह्या एकेक गोळा खरवडून वाटत सुटायच्या. त्या बायका तरी बी कशाला धरतील? शेवटची काकडीसुद्धा खाऊन मोकळ्या! पुढच्या वर्षी पुन्हा आहेतच आमच्या दारात.

सासूबाई अंथरुणाला खिळल्या त्या वर्षी भिंतीवर एकच गोळा उरला होता. माझ्या लेकीसाठी मी तो जिवापाड जपला होता. आजीच्या काकडीवर पोरीचा भारी जीव. तेवढ्यात खालच्या आळीची नवी सून बी मागायला आली. सासूबाईंनी पडल्या पडल्याच भिंतीकडे बोट दाखवलं.

"अहो आई, आपल्याला काय उरलं?" मी रडकुंडीला आले.

"गावात हाय म्हंजे आपल्यातच हाय गो."

दिला. आठवड्याभरात त्या गेल्या. त्या पावसाळ्यात आमचा मांडव रिकामा राहिला, गावातले मात्र काकड्यांनी लगडले.

म्हातारी गेली, आता तरी कुणी बी धरलं असेल म्हणून पुढच्या मिरगाआधी ते मागायला मी पदर खोचून निघाले, तर त्याच बायका अंगणात उभ्या. "म्हातारी गेली, पन भिंतीवर बी असंल ना?"

"अगं बायांनो, मीच तुमच्याकडे यायला निघाले होते!"

कुणीच बी धरलं नव्हतं. खालच्या आळीच्या सुनेनेसुद्धा नाही. सासूबाईंचं बी गावातून गेलं ते गेलंच. अजून जीव तुटतो माझा.

गणपतीत मी महाडच्या बाजारातून काकडी आणली. लेकीने एक घास खाल्ला आणि उरलेली माझ्या हातात दिली.

"ही आजीची नाय. देऊन टाक."

आजी असती तर घेणारी तेवढ्यात शोधली असती. मी आपली काकडी हातात धरून भिंतीकडे बघत बसले.