चौथ्या संघातले शनिवार

माझी लेक आठ वर्षांची असताना वर्गातल्या एका मैत्रिणीच्या मागे मागे हॉकी क्लबवर गेली. त्याआधी आमच्या घरात हॉकी म्हणजे माझ्या शाळेच्या सामान्यज्ञानाच्या पुस्तकातली एक ओळ होती. मी पुण्याची, नवरा नागपूरचा. क्रिकेट सोडून दुसरं काही पाहिलेलं नाही. लग्नानंतर इंग्लंडमध्ये, रीडिंग या गावी आलो. नवरा रोज ट्रेनने लंडनला जायचा, मी इथल्याच एका बिझनेस पार्कमध्ये सॉफ्टवेअर टेस्टिंग करायचे. लेक इथेच जन्मली. मराठी बोलायची, पण कुठला शब्द तो, कुठला ती, यावर तिने कधी डोकं शिणवलं नाही.

पहिल्याच महिन्यात लक्षात आलं की ही पोरगी पळते. बॉल तिच्या स्टिकला चिकटल्यासारखा असायचा आणि बाकीच्या मुली वळेपर्यंत ती गोलपाशी पोहोचलेली असायची. मैदानाच्या कडेला उभे असलेले गोरे आईबाप माझ्याकडे वळून हसायचे. मला नियम कळत नव्हते, पण ते हसणं कळत होतं. अकराव्या वर्षी तिला क्लबच्या मोठ्या मुलींत घेतलं, बाराव्या वर्षी काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, संघात, आणि तेराव्या वर्षी त्याही वरच्या, आसपासच्या काउंट्यांमधून निवडलेल्या मुलींच्या गटात.

त्या गटाचं ट्रेनिंग वॉटफर्डजवळच्या एका शाळेच्या मैदानावर असायचं, दर रविवारी. नवऱ्याला मोटरवेवर गाडी चालवायचा कंटाळा, म्हणून ते काम माझ्याकडे आलं. आज विचारलंत तर सांगेन, आईपणातला सगळ्यात सुखाचा काळ मी एम ट्वेंटीफाइव्ह मोटरवेच्या ट्रॅफिकमध्ये घालवला. मागच्या सीटवर स्टिकची बॅग, कृत्रिम गवतातली काळी बारीक रेती सगळ्या गाडीत सांडलेली, ओल्या मोज्यांचा वास. ती फॉइलमधला तूप-साखरेचा पोळीचा रोल खात खात मला शाळेतल्या सगळ्या भानगडी सांगायची. समोरासमोर बसून तिने त्यातलं अर्धंही सांगितलं नसतं.

ती चौदा वर्षांची झाली त्या उन्हाळ्यात आम्ही पुण्याला गेलो आणि परत आलो तेव्हा तिच्या सगळ्या पँट घोट्याच्या वर गेल्या होत्या. माझ्या बहिणीने विमानतळावर निरोप देताना मान वर करून तिच्याकडे पाहिलं होतं. उंची वाढली याचं आम्हाला कौतुक वाटलं. सप्टेंबरात ट्रेनिंग सुरू झालं आणि कौतुक ओसरलं. तिचे हातपाय तिचे राहिलेच नव्हते. साधा सरळ आलेला बॉल स्टिकखालून निघून जायचा. वळायला गेली की एक पाऊल उशीर. त्यात गुडघ्याखाली दुखायला लागलं.

"आई, माझी गुडघा खूप दुखते," ती गाडीत बसताना म्हणायची.

फिजिओने पाहून सांगितलं की वाढीच्या वयात हे होतं, हाड भराभर वाढलं की स्नायू ओढले जातात. घाबरण्यासारखं नाही, वेळ द्या. वेळ द्या म्हणणं सोपं होतं. दर रविवारी मी तिला कडेला बसलेली बघत होते. आधी थोडा वेळ, मग अर्धी मॅच, मग जवळजवळ पूर्ण.

नाताळच्या आधी तिथल्या कोचने मला पार्किंगमध्ये गाठलं. तरुण होता, वागायला चांगला होता, आणि हे बोलणं त्याला जड जात होतं हे दिसत होतं. जानेवारीपासून तिला गटात ठेवता येणार नाही, म्हणाला. "बाराव्या वर्षी ती कमाल होती. पण काही मुलं लवकर वर येतात आणि तिथेच थांबतात. मला वाटतं, तिचं तसं झालंय."

मी गाडीत बसले. मोटरवेवरच्या एका खाण्यापिण्याच्या थांब्याला मी गाडी आत घेतली, दोघींसाठी हॉट चॉकलेट आणलं आणि त्याने सांगितलेलं सांगितलं. तिथेच थांबली, हे मात्र गाळलं. तिने कपाचं झाकण काढलं आणि पुन्हा बसवलं.

"मला माहीत होता," ती म्हणाली. मग, "घरी गेल्यावर बाबाला तू सांग. मी नाही सांगणार."

नवऱ्याने ऐकलं आणि त्याला वाईट वाटलं, पण सुटल्यासारखंही वाटलं असावं. "बघ, दीड वर्षात जीसीएसई आहे, इथली दहावीच ती. खेळली, मजा केली, झालं. आता अभ्यास करू दे."

"झालं म्हणजे? चौदा वर्षांची मुलगी संपते का?"

"मी संपली कुठे म्हटलं? त्यांना रोज शंभर मुली दिसतात. त्यांना कळत असेल ना."

हॉकीतलं मला काय कळत होतं? लेकीच्या शाळेतल्या शिक्षिकेला विचारलं, क्लबवरच्या दोन-तीन पालकांना विचारलं. सगळे हळहळले आणि कुणी सरळ बोललं नाही. स्टिकची बॅग जिन्याखाली गेली.

फेब्रुवारीतल्या एका शुक्रवारी फोन आला. आमच्याच क्लबच्या बायकांच्या चौथ्या संघाची कॅप्टन. पन्नाशीची बाई, एका शाळेत भूगोल शिकवायची. चौथा संघ म्हणजे क्लबमधला सगळ्यात खालचा: पोरं झाल्यावर पुन्हा खेळायला आलेल्या, गुडघ्याला पट्टे बांधलेल्या, शनिवार हातचा जाऊ न देणाऱ्या बायका. "उद्याला माझ्याकडे नऊच जणी आहेत," ती म्हणाली. "तुमची मुलगी मोकळी असेल तर पाठवा. तिच्या वयाला चालतं, फक्त तुमची परवानगी लागेल."

लेक ऐकायलाच तयार नव्हती. "आई, ते सगळे आंटीज आहेत!"

"मग आंटींना हरवून ये."

या एका वाक्यावर ती आली. मला वाटतं, कुणालातरी हरवायची तिला फार गरज होती.

हरली ती. समोरच्या संघात एक पिकल्या केसांची बाई होती, माझ्या सासूबाईंच्या आसपासची. ती पळतच नव्हती. लेक बॉल घेऊन वेगात यायची, आणि बाई आधीच तिथे उभी असायची. स्टिक खाली टेकवायची, बॉल काढून घ्यायची, शांतपणे पुढे ढकलायची. एकदा नाही, मॅचभर. शेवटी लेकीचा चेहरा रडवेला झाला. मी कडेला छत्री धरून उभी होते आणि मला वाटत होतं, उगाच आणलं हिला.

इथे मॅच संपली की दोन्ही संघ एकत्र बसून खातात. मैदानाशेजारच्या क्लबहाउसमध्ये आमच्या कॅप्टनने लेकीला आपल्या समोर बसवलं आणि टेबलावर मीठ, मिरी, केचपची बाटली मांडली.

"ही तू," केचप पुढे सरकवत ती म्हणाली. "बॉल तुझ्याकडे आला. तू केव्हा बघितलंस की समोर कोण आहे?"

"आल्यावर."

"तिने केव्हा बघितलं?"

पलीकडच्या टेबलावर ती पिकल्या केसांची बाई चिप्स खात होती. तिने हात वर केला आणि इकडे न बघताच म्हणाली, "बॉल निघायच्या आधी, राणी." सगळ्या हसल्या. लेकही हसली, त्या हिवाळ्यात मी पहिल्यांदाच पाहिलं.

ती बॅग ठेवायला गेली तेव्हा मी कॅप्टनला गाठलं. इतके दिवस ज्याला त्याला विचारत होते तेच विचारलं, की हिच्यात अजून काही आहे का?

"ते मला कसं कळणार?" ती म्हणाली. "आतापर्यंत तिला बघायची गरजच पडली नाही, पाय नेत होते तिला. आता पाय नेत नाहीत तर बघायला शिकेल. किंवा कंटाळून सोडून देईल. पुढच्या शनिवारी येते का बघू या."

ती पुढच्या शनिवारी गेली, आणि मग जातच राहिली. दोन हिवाळे ती त्या बायकांबरोबर खेळली. एक हॉस्पिटलमधली नर्स होती. रात्रपाळी करून थेट मैदानावर यायची आणि मध्यंतरात उभ्याउभ्या डुलक्या घ्यायची. एक फार्मसिस्ट होती, तिने लेकीला गाडीत केमिस्ट्री शिकवली. खाणं करायची पाळी आमच्यावर यायची तेव्हा मी मोठं पातेलंभर मटकीची उसळ न्यायचे. बायकांनी त्या उसळीला, इथल्या राजम्याच्या चिलीवरून, परस्पर 'इंडियन चिली' असं नाव दिलं आणि दुसऱ्या क्लबच्या कॅप्टननी रेसिपी मागितली. त्या बायकांत लेक कुणाची हुशार मुलगी नव्हती, कुणाची निराशाही नव्हती. तिला ओरडा बसायचा, मग लगेच केकचा तुकडा हातात मिळायचा.

सुधारणा मला दिसत नव्हती. गोल ती आता फारसे करायचीच नाही. कॅप्टनने तिला हळूहळू मागे आणलं आणि बचावाच्या मधोमध उभं केलं. दुसऱ्या हिवाळ्यात एका मॅचमध्ये समोरच्या मुलीने जोरात पास मारला आणि लेक दोन पावलं बाजूला सरकली, बस्स. बॉल येऊन तिच्या स्टिकवर थांबला. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, त्यात टाळ्या वाजवण्यासारखं काही नव्हतंच. फक्त कॅप्टन मैदानाच्या दुसऱ्या टोकाहून ओरडली, "बघितलंस! तू बघितलंस!" आणि मला कळलं की इतक्या शनिवारांनंतर मलाही ते दिसलं होतं. बॉल निघायच्या आधी लेकीने मान वळवलेली मी पाहिली होती.

त्यानंतर ती तिसऱ्या संघात गेली, जीसीएसई झाल्यावर दुसऱ्यात. सतराव्या वर्षी पहिल्या संघाची डिफेंडर घोटा मोडून बसली म्हणून तिला एका मॅचपुरतं वर घेतलं, ते परत खाली पाठवलं नाही. चौथ्या संघाच्या बायका स्वतःची मॅच आटोपून तशाच मळक्या कपड्यांत तिला बघायला उभ्या राहायच्या आणि आवाजाने मैदान डोक्यावर घ्यायच्या.

त्या वर्षी तिने वॉटफर्डच्या गटासाठी पुन्हा एकदा निवड चाचणी दिली. मी नको म्हणत होते. तोच कोच होता, थोडा जाड झालेला. त्याने तिला नावाने हाक मारली, मला म्हणाला, "फार बदलली आहे." पण घेतलं नाही. त्याच्याकडे तिच्याहून चांगल्या मुली होत्या, आणि त्या दिवशी मलाही त्या दिसत होत्या.

मी गाडीत तिची वाट बघत बसले होते. ती आली, नडगीवरचे शिनपॅड काढून मागे टाकले.

"नाही झालं," ती म्हणाली. "पण मी चांगली खेळले, आई. डावीकडे दोनदा चुकले, बाकी चांगली." मग म्हणाली, "आधी मला कळायचाच नाही मी कशी खेळते. लोकांचे तोंड बघून कळायचा."

मी तिचं मराठी दुरुस्त केलं नाही. गाडी सुरू केली आणि मोटरवेवर घेतली.

आता ती साउथहॅम्प्टनला शिकते आणि युनिव्हर्सिटीच्या पहिल्या संघात खेळते. देशासाठी वगैरे खेळणार नाही. ते तिला आमच्याआधी कळलं होतं. मागच्या नोव्हेंबरात आम्ही दोघं तिची मॅच बघायला गेलो. वारा इतका होता की नवऱ्याने माझी शाल स्वतःभोवती गुंडाळली. लेक मागे उभी राहून सबंध मॅच बोलत होती. डावीकडे जा, सोड तिला, मी आहे. एवढा मोठा आवाज घरी तिने कधी काढला नव्हता.

"ही कायम अशी ओरडते?" नवऱ्याने विचारलं.

"बघावं लागतं सगळं मागून," मी म्हटलं. मग त्याला समजावून सांगत बसले, ती कुठे उभी आहे आणि का. त्याने कौतुकाने माझ्याकडेच पाहिलं.

एक-एक अशी बरोबरी झाली. ती घामाने निथळत आली, दोघांना मिठी मारली, "बाबा, तू किती बारीक झालास!" म्हणाली. आम्हाला वाटलं होतं, कुठेतरी जेवायला घेऊन जाऊ. पण आत क्लबहाउसमध्ये टीम थांबली होती.

"तुम्ही दोघं जाल ना? मी संध्याकाळी फोन करते."

"जा गं, जा," मी म्हटलं.

आम्ही बंदराच्या बाजूला गेलो. एक भलंमोठं प्रवासी जहाज धक्का सोडत होतं, डेकवरची माणसं हात हलवत होती. ओळख ना पाळख, पण नवऱ्यानेही हात हलवला. मग आम्ही चिप्स घेतल्या आणि गाडीत काचा लावून गरम गरम खाल्ल्या.