उपवासाचे टमाटर

किस्से गोळा करायला मी कधी गेले नाही. वाती वळताना, पोथीचं पान उलटताना ते आपोआप आठवतात आणि हात थांबतो. मग देवालाच सांगावं लागतं, "जरा थांब बाबा, हसून घेते." त्यातले बहुतेक धानोऱ्याकडच्या शेतीफार्मवरचे. ऐंशीच्या दशकात आमचे हे तिथे नोकरीला होते आणि आमचं क्वार्टर अगदी वाफ्यांना लागून.

*

एका कार्तिकात ह्यांनी मातीची गोणी घरात आणली. म्हणाले, "जपून ठेव, बुरशी आहे."

लोणच्याला बुरशी लागू नये म्हणून वर्षभर जीव टाकणारी बाई मी!

"ही चांगली बुरशी," ह्यांनी समजावलं. "टमाटरच्या मुळांना धरून राहते, लांबचं पाणी ओढून रोपाला देते."

"चांगला चोरही असेल एखादा," मी म्हटलं, "पण त्याला कुणी देवघराशेजारी निजवत नाही."

गोणी पडवीत गेली.

*

चार वाफे केले. दोनांत ती माती, दोनांत नाही. प्रत्येक जोडीतल्या एकाला दर चौथ्या दिवशी पाणी, दुसऱ्याला थेट दर दहाव्या दिवशी. बुरशीवाली रोपं कमी पाण्यात तगतात का, एवढंच पाहायचं होतं. आदल्या वर्षीचा प्रयोग रानडुकरांनी खाल्लेला. यंदाही काही निघालं नाही तर प्रयोग बंद, आणि वाफ्यांवरच्या चार बायांचं कामही बंद.

त्यातली थोरली मैनाबाई, जवळच्या गोंड वस्तीतली. तिने चिमूटभर माती नाकाशी धरली.

"भाऊ, हे कुठून आणली?"

"लांबून मागवली."

"काऊन? आम्ही त वांगे लावताना जंगलातल्या झाडाखालची माती टाकतो. असाच वास येते."

ह्यांनी गोणीची पावती घडी करून खिशात घातली.

*

दहाव्या दिवशी पाणी मिळणाऱ्या वाफ्यांना बायांनी नाव ठेवलं, 'उपवासाचे'. मार्गशीर्ष होता. माझेही गुरुवार चालू होते.

शुक्रवारी सकाळी कलशातलं पाणी तुळशीला घालायचं असतं. त्या शुक्रवारी मी अर्धंच घातलं. उरलेलं घेऊन वाफ्यावर गेले, तर तिथे मैनाबाई लोटा घेऊन उभी! तिने माझ्या हातातला कलश पाहिला.

"उपवास असला तरी फराळ त चालते ना, बाई?" ती म्हणाली.

मग कळलं, चौघीही आळीपाळीने रोज फराळ घालत होत्या.

*

माघात मोठे साहेब पाहायला आले. रोपांना पट्टी लावली, टमाटर मोजले. उपवासाचे दोन्ही वाफे सारखेच निघाले.

"म्हणजे बुरशीचा काही उपयोग नाही," ते म्हणाले आणि पेनाचं टोपण काढलं.

ह्यांचा चेहरा उतरला. बाया खाली बघू लागल्या. देवीकडे खरं बोलायचं बळ मागावं की गप्प राहायचं, मला कळेना.

"थांबा साहेब," मैनाबाई म्हणाली. "आम्ही चोरून पाणी टाकलो."

"मीसुद्धा," मी म्हटलं.

"दोन्ही वाफ्यांना?" साहेबांनी विचारलं.

"नाई. बुरशीवाल्यानं कधी मानच नाई टाकली. त्याले कायले देऊ? तिकडचाच रोज मान टाकून राह्यला होता. पाहवत नव्हतं."

साहेबांनी टोपण परत लावलं. मग वाकून बुरशीवाला वाफा पुन्हा पाहिला. फराळाविनाच तो तिकडच्याइतका वाढला होता.

"पुढच्या वर्षी पुन्हा लावा," ते ह्यांना म्हणाले. "ह्या चौघीही राहू द्या. फक्त पाण्यावर असं माणूस ठेवा, ज्याला दया येत नाही."

मैनाबाईने थोडा विचार केला.

"असं माणूस त आमच्या गावात नाई, साहेब. पाहिजे त माझ्या सासूले आणतो. तिले दिसत नाई."