क्लच कुणाच्या वाटणीचा

बाबा गेले तेव्हा मागे दोन मुलगे, एक मुलगी आणि एक लॉरी ठेवून गेले. लढाई संपल्यावर लष्कराच्या लिलावातून घेतलेली, आचोळ्याकडच्या खाणीतले दगड वाहून वाहून कंबर मोडलेली. दादा आणि धाकट्यात वाटण्या झाल्या, घर आणि वाडी दोन झाली. आता लॉरी कशी दोन करणार? गावचे चार शहाणे बसले आणि त्यांनी शेताचाच न्याय लावला. पुढचा अर्धा, म्हणजे इंजिन, दादाचा. मागचा अर्धा, म्हणजे गिअर, चाकांचा धुरा आणि फाळका, धाकट्याचा. मला काही नाही. मुलीला कसली आलीय वाटणी.

हसू नका, आमच्याकडे कुणी हसलं नाही. दादाने पुढे हिरवा रंग दिला, धाकट्याने मागे निळा. दोघांनी आपापला क्रूस ठोकला. आशीर्वाद द्यायला आलेल्या फादरना पवित्र पाणी दोनदा शिंपडावं लागलं, नाहीतर मागचा अर्धा रुसला असता.

दुरुस्तीचं काम कुणी काढायचं हा खरा तिढा. इंजिनाने धूर सोडला की दादा म्हणायचा, मागचं लोढणं ओढावं लागतं म्हणून सोडतंय. धुरा कण्हला की धाकटा म्हणायचा, पुढचं हिसके देतंय. त्यात क्लच घसरायला लागला. वसईचा मिस्त्री लॉरीखालून बाहेर आला आणि म्हणाला, प्लेट झिजलीय, उतरवा. पण क्लच इंजिन आणि गिअरच्या मधोमध. म्हणजे बांधावर. वीतभर बांध माझा म्हणून आमच्या गावचे लोक वसईच्या कोर्टापर्यंत गेलेत. बांध तुझाच आहे म्हणून भांडणारे हे दोघेच. शेवटी बोलणंच बंद झालं.

आणि माझं लग्न ठरलं, पापडीच्या देवळात (चर्चला आम्ही देऊळच म्हणतो), नवऱ्याच्या गावी. मला एकच हवं होतं. दोघा भावांनी मला एका गाडीतून पोचवायला यावं. दादा म्हणाला, मी नेतो, त्याने चालत यावं. धाकटा म्हणाला, माझ्या भागावर बसून येईन, पण त्याच्याशी बोलणार नाही. मी रडले, चिडले, जेवणावर रुसले. अखेर दादा पुढे माझ्याशेजारी आणि धाकटा मागे बँडवाल्यांत, असे निघाले बापडे.

पापडीच्या अलीकडे मोरीचा चढ होता. तिथे इंजिन नुसतं गर्जत राहिलं आणि लॉरी हळूहळू मागे यायला लागली. वर नवऱ्याकडची माणसं हार घेऊन उभी. बँडवाल्यांना वाटलं, मिरवत नेतायत. ते आणखी जोरात वाजवायला लागले.

"माझं इंजिन बघा कसं बोलतंय," दादा खिडकीतून कुणालाच न बघता म्हणाला.

"माझी चाकं तयार आहेत," धाकटा आभाळाला म्हणाला. "त्यांच्यापर्यंत कोनी काय पोचवील तर ना."

माझं डोकं फिरलं. दादाने ब्रेक लावला तशी लाल लुगडं वर खोचून मी खाली उतरले.

"क्लच मला द्या," म्हटलं. "लग्नाचा आहेर म्हणून. दुसरं काही नको."

दोघांनी एकाच वेळी मान डोलावली. वाटण्या झाल्यापासून एवढं एकमत झालं नव्हतं.

"आता तो माझा ना? मग माझ्या वस्तूसाठी ढकला. दादा, तू मागे जा."

बँडवाले उतरले. स्टिअरिंगवर मी. पायाखालचं कुठलं दाबायचं ते दादाने दाखवलं आणि गुमान मागे गेला. मी देवाचं नाव घेऊन दाबलं. मागून धाकट्याचा आवाज आला, "दादा, हात नको लावू, खांदा लाव." मला तिथेच रडू फुटलं. डोळ्यांत पाणी, समोरचं काही दिसेना. चढ संपला तेव्हा हारवाली माणसं दोन्ही बाजूंच्या कुंपणात शिरली होती.

पुढच्याच आठवड्यात दोघे माझ्या दारात. "बाय, तुझा क्लच कधी उतरवायचा?" तो उतरवायचा तर गिअर सरकवावा लागतो, मग इंजिनही बघून घेतात. काम संपेपर्यंत दोघे माझ्याकडेच जेवले, एका ताटातले मासे ओढत.

त्यानंतर भावांना बघून फार दिवस झाले की मला क्लच घसरल्यासारखा वाटायचा. मी निरोप धाडायचे. मिस्त्री प्लेट हातात घेऊन म्हणायचा, बाई, ही तर नवी कोरी आहे. मी म्हणायचे, वस्तू माझी आहे, तुम्ही उतरवा.