ओल्या रेतीची जबानी

डायव्हरचं लायसन हाती आलं त्या दिवशी मी अकोल्याच्या स्टेशनावर छाती काढून फिरलो होतो. आता ते आठवलं की माझीच मला शिसारी येते. हे लिहून काही हलकं होईल अशी आशाही नाही.

लायसन मिळालं ते भाऊंमुळे. तेव्हा आम्ही दोघंही फायरमन, म्हणजे इंजिनात कोळसा ओढणारे, पण ते माझ्याहून दहा-बारा वर्षांनी वडील. इंजिनाची नस न् नस त्यांना ठाऊक, पण अक्षरशत्रू, म्हणून परीक्षेला कधी बसताच आलं नाही. माझ्याकडून मात्र त्यांनी सारं घोकून घेतलं. परीक्षेत गोऱ्या साहेबाने विचारलं, स्टेशनात पॅसेंजर उभी आहे आणि एखादं इंजिन आवरेनासं होऊन तिच्यावर येतंय, तर सांधेवाल्याने काय करायचं? मी फाडकन सांगितलं, "सांधा फिरवून इंजिन बाजूच्या रुळावर घ्यायचं, जो पुढे मातीत संपतो. मुद्दाम पाडायचं, साहेब." साहेब खूश. त्या इंजिनावरही माणसं असतात, हे ना त्याने विचारलं, ना माझ्या डोक्यात आलं.

पुढे भाऊ माझ्याच हाताखाली फायरमन म्हणून आले. एकदा बडनेऱ्याहून नुसतं इंजिन न्यायचं होतं, मागे डबे नाहीत. श्रावणातली झड लागलेली. रूळ ओले असले की ब्रेक लावूनही चाकं घसरतात, म्हणून चाकांपुढे कोरडी रेती सोडावी लागते. भाऊंनी रेतीच्या पेटीत हात घातला आणि मूठ माझ्यापुढे उघडली.

"ओली हाय. खाली पडनार नाही. अर्धा घंटा थांबू, वाळवून भरतो."

"काही नाही होत, भाऊ. उशीर होऊन राहिला."

"अरे बापा, पुढं उतार हाय ना!"

"डायव्हर कोन हाय? तुमी का मी?"

असं बोललो मी. ज्या माणसाने शिकवलं, त्याला! भाऊ वळले आणि कोळसा ओढू लागले.

उतारावर इंजिन सुटलं. ब्रेक आवळला, तरी साबणावरून गेल्यासारखं घसरतच चाललं. रेतीचा दांडा ओढला, एक कण पडला नाही. मी शिटीवर शिटी मारत होतो. समोर स्टेशनात पॅसेंजर उभी होती, बाजाराला निघालेल्या बायामाणसांनी भरलेली. सांधेवाल्याने सांधा फिरवला आणि आम्हाला पाडलं. बरोबरच केलं त्याने. पॅसेंजरमधल्या कोणाला खरचटलंसुद्धा नाही. मी पऱ्हाटीच्या शेतात फेकला गेलो, हात मोडला. भाऊ इंजिनाखाली गेले.

चौकशीला माझा हात गळ्यात बांधलेला आणि लायसन साहेबाच्या टेबलावर. ते गेलं की पुन्हा कोळसा ओढणं आलं. रेती कोणी पाहिली होती, साहेबाने विचारलं.

"फायरमननं, साहेब. कोरडी हाय म्हनाला."

म्हनाला! जन्मात कधी त्यांना अरेतुरे केलं नव्हतं मी. साहेबाने फायरमनची चूक म्हणून लिहून घेतलं आणि लायसन माझ्याकडे सरकवलं. मेलेला माणूस काय उत्तर देणार?

दोनेक महिन्यांनी भाऊंची बायको अमरावतीला माझ्या खोलीवर आली. मोर्शीकडच्या माळ्याची लेक, डोक्यावर माहेरच्या मळ्यातल्या वांग्यांची टोपली. मला वाटलं, आता ही पायातलं काढते. काढायलाच हवं होतं. तिने टोपली खाली ठेवली आणि उभ्यानेच बोलायला लागली.

"भाऊजी, साहेबानं सांगतलं मले सारं. हे असे कधी करत नव्हते हो. त्याच दिवशी काहून चुकले, मले समजतच नाही. त्याईच्या पायी तुमचा जीव गेला असता, लायसन गेलं असतं. मनात ठेवू नका. त्याईले माफ करा."

तिने हात जोडले होते. खोलीत आम्ही दोघंच होतो. खरं सांगायला कोणी आडवं नव्हतं.

मी म्हणालो, "जाऊ द्या वहिनी. केलं माफ."