चुकलेल्या नाण्याचा मान

सोलापुरात ऑफिसला जाताना मी एका मावशींकडून कडक भाकरी घेतो. त्यांच्या गल्ल्यात टांकसाळीत चुकलेलं एक नाणं असतं, छाप पार कडेला सरकलेला. मी अशीच नाणी जमवतो, म्हणून ते कितीदा तरी मागितलं. "इकायचं न्हाय की!" एवढंच म्हणून मावशी हसायच्या. कामावरच्या ज्या बाईच्या हातून भाकरी मोडेल, तिच्या पदराला त्या ते दिवसभर बांधायच्या. "सरकारचं मशीन बी चुकतंय, तू कशाला तोंड पाडतीस?"

काल माझ्या हातून शेंगाचटणीचा पुडा फुटला. मावशींनी खदखदून हसत नाणं माझ्याच खिशात टाकलं. "आज मान तुमचा. उद्या आणून द्या."

आज परत दिलं. सोबत माझ्या अल्बममधलंही एक दिलं. तिथं दोघी नव्यानं भाकरी थापायला शिकतायत, एक नाणं कसं पुरणार?