पत्रकांच्या पाठीवरचा खून

सायकलच्या कॅरिअरवरून पत्रकांचा गठ्ठा उतरायच्या आधीच त्याचा वास घरात यायचा – ओल्या शाईचा, छपाईचे खिळे धुतलेल्या रॉकेलचा, थोडा सुतळीचा... आणि मागोमाग आप्पा यायचे, अंगठ्यावर काळा डाग घेऊन. गठ्ठा जमिनीवर टेकला की मी सुतळीच्या गाठीवर तुटून पडायचे. दुसऱ्या घरांत वडील आले की खाऊची पुडी सुटत असेल. आमच्याकडे 'जाहीर निषेध' सुटायचा.

माधवनगरच्या कडेला आमची वस्ती. दिवसभर यंत्रमागांचा खडखडाट आणि सांगलीच्या बाजूनं वारा आला की हळदीच्या वखारींचा कोरडा, घशात उतरणारा वास. माझे वडील – त्यांना सगळी वस्तीच आप्पा म्हणायची – मागावर पाळी करायचे आणि पाळी सुटली की पत्रकं लिहायचे. सातूच्या पिठाच्या डब्याखाली पत्रक, फडताळात पत्रक, आईच्या ट्रंकेत साड्यांच्या घड्यांमध्येही पत्रक. मी अक्षरं शिकले ती त्यांच्यावरच. 'आम्ही ठणकावून विचारतो' हे वाक्य मला बाराखडी पूर्ण होण्याआधी येत होतं. तिसरीत 'माझा आवडता पक्षी' या निबंधाची सुरुवात मी 'बंधू-भगिनींनो' अशी केली आणि शेवट 'पोपटाला न्याय मिळालाच पाहिजे' असा. गुरुजींनी वही आप्पांना दाखवली. आप्पांना त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही.

कथा-कादंबऱ्यांना मात्र घरात बंदी होती. "माणसाला निजवायची औषधं ही," आप्पा म्हणायचे. "आपल्याला जागं राहायचंय, चिमे." मीही मान हलवायचे, कारण मी तोवर एकही कादंबरी पाहिलेली नव्हती.

त्या वर्षी वस्तीच्या पाण्याचा प्रश्न पेटला होता. टाकीपासून निघालेला नळ सगळ्या गल्ल्या ओलांडून नेमका आमच्या वस्तीच्या अलीकडे थांबला होता. तो तिथंच का थांबला, हे रहस्य कुठल्याही गुप्तहेराला न बोलावता आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. आप्पांनी सभा ठरवली. माणसं जमली तर दुसऱ्या दिवशी कचेरीवर मोर्चा. नाही जमली तर आणखी एक उन्हाळा दूरच्या विहिरीचा. याआधीच्या दोन सभांना सतरंजीवर माणसांपेक्षा कोंबड्या जास्त होत्या. त्यामुळे या वेळचं पत्रक त्यांनी जीव ओतून लिहिलं.

कागदाची मात्र चणचण होती. सांगलीत एका बोळात बाळूकाकांचा छापखाना होता. जुन्या कादंबऱ्यांची नवी आवृत्ती काढायला निघालेला कुणी प्रकाशक काम अर्ध्यावर टाकून पसार झाला होता, आणि एकाच बाजूनं छापलेले फर्मे – पुस्तकाच्या पानांचे न कापलेले मोठे ताव – त्यांच्या माळ्यावर धूळ खात पडले होते. "कोरी बाजू वापर की," काकांनी सुचवलं. फर्मे कापले गेले आणि कोऱ्या बाजूवर आप्पांचं पत्रक उमटलं. आप्पांनी मुद्रित तपासलं ते आपल्याच बाजूचं.

मी सुतळी सोडली, पत्रक उलटं केलं – आणि माझ्या बालपणानं त्या क्षणी कूस बदलली.

'...दार आतून बंद होतं. पंखा फिरत होता. पलंगावरची चादर कुणीतरी नुकतीच नीट केली होती आणि खिडकीच्या काचेवर, बाहेरच्या बाजूनं, हातमोजा घातलेला एक पंजा हळूहळू...'

पान संपलं. पुढचं पान? मी गठ्ठा उपसला. पत्रकं जमिनीवर पसरली, आकडे लावत बसले. फर्म्याची एकच बाजू छापलेली, त्यामुळे दोन पानं सलग हाती लागायची आणि पुढची दोन गायब. निळ्या बंगल्यातला खून होता, लंगडा माळी होता, हातमोजे घालणारा डॉक्टर होता आणि डिटेक्टिव्ह सरंजामे नावाचा एक रुबाबदार गृहस्थ होता. त्यातच भर म्हणून दुसऱ्याच एका कादंबरीची पानं मिसळलेली – तळ्याखालचं नगर, पंखांचे घोडे, काचेचं काळीज असलेला जादूगार! चुलीवर भात करपला, आईनं दोन हाका मारल्या. मी तळ्याखाली होते, मला ऐकू येणार कसं?

दुसऱ्या दिवशी आप्पांबरोबर घरोघर पत्रकं वाटली. एरवी आमची पत्रकं संध्याकाळपर्यंत भज्यांखाली किंवा चुलीत जात. या वेळी चुली कागदाविना पेटल्या. तिसऱ्या दिवशी पारूआत्यानं मला रस्त्यात गाठलं. ती हळदीच्या वखारीत कामाला. नखं कायमची पिवळी, आवाज मागाच्या वर चढणारा. तिला वाचता येत नव्हतं, पण तिच्या लेकानं वाचून दाखवलेलं पान तिला पाठ झालं होतं.

"आगं चिमे, त्यो हातमोजंवाला काचंम्होरं हुबा ऱ्हायलाय. मी कालधरनं त्याला तितंच हुबा करून ठिवलाय. म्होरं कर की त्याला!"

"आत्या, म्होरचं पान दादूकडं हाय."

सायकल दुकानाच्या दादूनं पानांचा बाजारच मांडला होता. "बावन्न देतो, अठ्ठेचाळीस दे. घोड्याचं पान घेत न्हाई गड्या, घोडी लय झाल्यात." विहिरीवरच्या रांगेत, मागाच्या कारखान्याच्या दाराशी, न्हाव्याच्या खुर्चीत – जिथं बघावं तिथं माणसं पत्रक वाचत होती. आप्पा घरी आले ते उजळलेला चेहरा घेऊन.

"बघितलंस का," ते आईला म्हणाले, "लोकं पत्रक छातीशी धरून फिरत्यात. वस्ती जागी झाली. आता नळ आलाच समज."

आईनं माझ्याकडे पाहिलं, मी आईकडे. आप्पा हातपाय धुवायला गेले तशी ती हळूच म्हणाली, "सभेपतूर त्वांड उगडू नगंस. मानसं येत्यात न्हवं? येऊ देत."

पण आप्पांचा तो चेहरा... तो मोडताना बघायची माझी तयारी नव्हती.

रविवारी उन्हं कलल्यावर वस्तीतल्या बुद्धविहारासमोरचं पटांगण भरलं. सतरंज्या पुरल्या नाहीत. बाया पोरं कडेवर घेऊन आल्या, म्हातारे काठ्या टेकत आले, आणि प्रत्येकाच्या हातात पत्रक. आप्पा टेबलामागे उभे राहिले, 'जयभीम' म्हणाले, घसा साफ केला. सभेत ते नेहमी छापल्यासारखं बोलायचे.

"बंधू-भगिनींनो, आपण सर्वांनी पत्रक वाचले, याचा मला अभिमान वाटतो."

पारूआत्या उठली. "आप्पा, वाईच थांबा. पान्याचं तुमी म्हनाल तसं. आमी काय न्हाई म्हनतोय? पर आदी ह्ये सांगा, हातमोजं घालून आलेला त्यो डाक्टरच व्हय, का दुसराच कोन हाय?"

"कोण डॉक्टर?" आप्पा म्हणाले.

"मागल्या अंगाला बगा की."

आप्पांनी हातातलं पत्रक उलटं केलं. मी आईच्या पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं. ते वाचत होते. अर्ध्या पानापर्यंत त्यांच्या भुवया जवळ आलेल्या होत्या. मग त्या हळूहळू लांब गेल्या. ओठ हलायला लागले. पान संपलं, त्यांनी कागद एकदा पुढून पाहिला, एकदा मागून पाहिला, आणि आयुष्यात पहिल्यांदा सभेत घरच्या बोलीत म्हणाले –

"ह्याच्या म्होरचं पान कुणाकडं हाय?"

असा हशा मी पुन्हा कधी ऐकला नाही. पण आप्पा कार्यकर्ते होते. हशा ओसरायच्या आत त्यांनी सभा हातात घेतली. "पानाच्या आकड्याप्रमाणं बसा! एका आकड्याचे सगळे एका रांगेत!" माणसं उठली, भांडली, सरकली. वस्तीचं पुस्तक झालं. मला टेबलावर उभं केलं आणि रांगेरांगेतून एकेक पान माझ्या हाती येऊ लागलं. मी वाचत होते – पत्रकं वाचायची सवय असलेल्या खणखणीत आवाजात – आणि जिथं पानं गायब तिथं पटांगण पुढचं सांगत होतं. "माळ्याला उगा गुतवत्यात, गरीब हाय म्हनून!" "सरंजामे काय करतोय? नुसता शिगरेट वडतोय!" कुणीतरी घोड्याचं पान मध्येच सरकवलं आणि निळ्या बंगल्यावरून एक पंखांचा घोडा उडत गेला, तर तोही सगळ्यांनी मान्य केला.

शेवट मात्र कुणाकडेच नव्हता.

"शेवट बाळूकाकांकडं असणार," आप्पा म्हणाले. "उद्या सकाळी सगळ्यांनी कचेरीवर यायचं. परत आलो की शेवट सांगतो. माझा शब्द!"

सभा सुटल्या सुटल्या ते छापखान्यात गेले आणि खांदे पाडून परतले. शेवटचे फर्मे छापलेच गेले नव्हते. मूळ प्रत प्रकाशकाबरोबर गेली होती. मी विचारलं, "मग आता?" आप्पांनी पत्रक उलटं करून पुन्हा वाचायला घेतलं. शब्द मोडलेला माणूस म्हणून त्यांना वस्तीत एक दिवस काढता आला नसता, हे मला त्या वयातही कळत होतं.

सकाळी सगळी वस्ती निघाली. घागरी घेऊन, घोषणा देत, आणि घोषणांच्या मधल्या वेळात डॉक्टर की माळी यावर हमरीतुमरी करत. कचेरीच्या पायऱ्यांवर आम्ही दुपारपर्यंत बसलो. कुणी कंटाळून उठलं नाही. शेवट ऐकल्याशिवाय घरी जायचं कोणाला? अखेर साहेब बाहेर आले, रिकाम्या घागरींकडे पाहिलं, आणि नळाची लेखी कबुली दिली. तो नळ पुढं कितीतरी महिन्यांनी आला, पण आला.

परतल्यावर सगळे पुन्हा पटांगणात बसले. आप्पा उभे राहिले.

"शेवट छापलेलाच न्हाई," ते म्हणाले. "मी शब्द दिला तवा मला ठावं न्हवतं. खोटं सांगणार न्हाई. मला वाटतो त्यो शेवट सांगू का?"

"सांगा की आवं!"

आणि माझ्या वडिलांनी, ज्यांनी मला कधी चिऊ-काऊचीही गोष्ट सांगितली नव्हती, त्यांनी गोष्ट सांगितली. खून डॉक्टरनंच केला होता. पण बंगल्यातल्या प्रत्येकाला ते पहिल्या दिवसापासून माहीत होतं. दुसरा कुणी बोलेल म्हणून प्रत्येक जण गप्प राहिला होता. सरंजाम्यांना काही उमगलं नाही. शेवटी कोर्टात लंगडा माळी उभा राहिला, काठी बाजूला ठेवली, आणि बोलला... तो काय बोलला हे सांगताना आप्पांनीही हातातलं पत्रक बाजूला ठेवलं. सगळी वस्ती त्या माळ्याबरोबर कोर्टात उभी होती.

पारूआत्या म्हणाली, "ग्वाड हाय आप्पा शेवट. पर भाषान वाईच लय झालं त्यात."

सगळ्यांत आधी आप्पाच हसले.

"आन् त्यो जादूगार?" मागून दादू ओरडला.

"तो दुसऱ्या कादंबरीतला!" आप्पा म्हणाले.

"असूंदे की! त्याला बी घ्या मोर्चात!"

त्या आठवड्यात आप्पा सांगलीच्या स्टँडजवळच्या वाचनालयातून भाड्यानं एक जाडजूड रहस्यकथा घेऊन आले. आधी स्वतः वाचली – 'तपासतो' म्हणाले – मग मला दिली. पुढची कितीतरी वर्षं आमचं घर खुनांनी, भुयारांनी, विषाच्या कुप्यांनी आणि बोलणाऱ्या डोंगरांनी गजबजून गेलं. पाळीवरून येताना ते दारातूनच विचारायचे, "सापडला का गं?" आणि मी आतून ओरडायचे, "अजून न्हाई, अजून न्हाई!" मनुकांची पुडी मध्ये ठेवून आम्ही शेवटाआधी पुस्तक मिटायचो, आपापला गुन्हेगार सांगायचो. मी पुराव्यावर जायचे. आप्पा कायम, सगळ्यांत जास्त कोण गप्प बसलंय, एवढंच बघायचे. आणि पुष्कळदा तेच बरोबर निघायचे!

पुढं मी साताऱ्याला नोकरीला लागले. तिथं एका जुन्या पुस्तकवाल्याकडे, निवृत्त फौजींच्या ट्रंकांतून आलेल्या पिवळ्या पडलेल्या रहस्यकथांच्या ढिगात, मला ती सापडली – निळा बंगला, लंगडा माळी, सगळी पानं शाबूत. शनिवारच्या एसटीनं मी ती घरी आणली, न उघडता आप्पांच्या हातात ठेवली. त्यांनी चष्मा लावला, थेट शेवटच्या प्रकरणाला हात घातला. खून म्हणे माळ्यानंच केला होता, आणि सरंजाम्यांनी तो धूर्तपणे शोधून काढला होता. आप्पांनी पुस्तक मिटलं. चष्मा काढून सदऱ्याला पुसला.

"चुकलंय त्याचं," ते म्हणाले.

आप्पांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. मी अजून अधाशासारखी वाचते. नवी रहस्यकथा हाती आली की सुट्टीच्या दिवशी सकाळी चहा घेऊन बसते ती दुपारी जेवायलाच उठते. शेवटच्या प्रकरणाआधी मात्र पुस्तक मिटून थोडा वेळ बसून राहते. माझा गुन्हेगार मला ठाऊक असतो. दुसरं नाव सांगणारं घरात कुणी नसतं... मग मीच पान उलटते.