व्याह्यांचे तळवे

"व्याही, थांबा! रक्त येतंय!"

"कोणाला?" असं विचारून ते पुढे चालतच राहिले. हॉलभर डाव्या पावलाचे लाल ठसे, आणि हे फोनवर नागपूरच्या भावाला इथल्या उन्हाचं सांगतायत. हाताला धरून खाली बसवलं, तर तळव्यात नातीची केसांची क्लिप रुतलेली. "अरेच्चा," ते म्हणाले, "ही तर आपण सकाळपासून शोधतोय."

माझ्या सुनेच्या वडिलांइतका अस्वस्थ माणूस अख्ख्या टेक्सासमध्ये सापडायचा नाही. चहा चालत पितात, बातम्या चालत ऐकतात. जेवताना मीठ आणायला उठतात आणि लोणचं घेऊन परत येतात. आमच्या फ्रिस्कोत कोपऱ्यावरच्या दुकानातही लोक गाडीने जातात. हे एकदा पायी निघाले, तर शेजाऱ्याने गाडी थांबवून विचारलं, काही मदत हवी का? यांनी त्यालाच उतरवून सोबत चालवलं. सुनेने घरात घालायला मऊ बूट आणले, नवे कोरे. "घरात देव आहेत," म्हणून बूट गेले पलंगाखाली. मधुमेह जुना, पण पाय बधिर झालेत हे कबूल नाही. त्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी तळव्याला नायलॉनचा दोरा टेकवून पाहिला. हे म्हणाले, "करा सुरू." तिचं तोवर संपलं होतं.

जखम वरवरची होती. भरेपर्यंत चालायचं नाही, अनवाणी तर पुढे कधीच नाही आणि तळवे रोज पाहायचे, असं तिने बजावलं. यांना वाकता येत नाही, आरशात धड दिसत नाही. मुलगा-सून दिवसभर ऑफिसात. मग राहिले मी.

"पाय वर करा."

"विहीणबाई, तुम्ही वरमाय! लग्नात आमच्या हिने तुमचे पाय धुतले. तुमच्या तोंडासमोर तळवे करू?"

"गार पाण्याने धुतले होते. मला सर्दी झाली. करा वर."

केले. डोळे मिटून, मला हात जोडून. बसून राहायचा त्रास त्यांना जखमेपेक्षा जास्त झाला. खुर्चीतल्या खुर्चीत गुडघे असे हलवायचे की बघून मलाच गरगरायचं.

जखम भरली. आता घरातही बूट घालतात. आधी आत हात घालून चाचपतात, मग देवाची माफी मागतात. संध्याकाळी मी हाक मारायच्या आत मोजे काढून बसतात. दिवसभरात तेवढाच वेळ हा माणूस स्थिर असतो.

परवा म्हणाले, "हिचंही असंच, साध्या फोडावरून झालं. दाखवायला लाजायची."

मी बोटांच्या फटी पुसत राहिले. त्यांच्या बायकोचे तळवे कोणी पाहिले नाहीत. आधी पाय गेला, मग ती. हे आहेत.